सावलीतले वाळवण

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याविषयी दोन बरे शब्द बोलणारा माणूस मला अद्याप भेटायचा आहे. वैशाख लागला की पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन बसतो, दुपारी महाराज बाडा ओस पडतो, गोरखीच्या दरवाज्याच्या सावलीत एखादा रिक्षावाला तोंडावर पंचा ओढून पडलेला असतो, आणि गल्लीतून लू अशी वाहते की जणू कोणी भट्टीचे दार उघडे टाकून निघून गेले आहे. या लूला शिव्या देणे हा आम्हा लष्करातल्या मराठी मंडळींचा पिढ्यानपिढ्यांचा कुळाचार आहे. मी मात्र आज तिची थोडी बाजू घेणार आहे; वाचकांनी रागावू नये. पन्नास वर्षे मी या गावी स्वयंपाक करीत आले आहे, आणि माझ्या फडताळातल्या निम्म्या बरण्या या लूने भरून दिल्या आहेत. ते मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल.

वाळवण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पापड, कुरडया, सांडगे उभे राहतात. गच्चीवर पसरलेली जुनी लुगडी, राखणीला बसवलेले एखादे पोर आणि हातात काठी. या सगळ्याला ऊन हवे. मी ज्या वाळवणाविषयी लिहीत आहे त्याला ऊन चालत नाही. ते म्हणजे घरच्या पाल्याचे वाळवण: पुदिना, कढीपत्ता, मेथी, गवती चहा. हे वाळते ते वाऱ्यावर आणि अंधारात. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती असे नाही; सांगितली होती, पण मी ऐकली नाही. ते पुढे येईलच.

मी मूळची कोकणातली, संगमेश्वराकडची. लग्न होऊन १९७४ साली ज्येष्ठात इथे आले. आमच्या माहेरी कढीलिंबाचे झाड परसात, स्वयंपाकघराच्या दारापासून दहा पावलांवर. मोहरी तडतडू लागली की आई हाक मारी, आणि जे पोर जवळ असेल ते धावत जाऊन एक डहाळी ओरबाडून आणी. मोहरी करपायच्या आत डहाळी तेलात पडली पाहिजे, अशी आमची शर्यत असे. बारा महिने झाड हिरवे. त्यामुळे वाळलेला कढीलिंब म्हणजे केरात टाकायची वस्तू. कोणी तो मुद्दाम वाळवून जपून ठेवतो, हे मला ठाऊकच नव्हते. आणि ठेवायचा म्हटला तरी कोकणात तो वाळणार कसा? समुद्रावरची हवा भर उन्हाळ्यातही ओलसर असते. आमच्याकडे मीठसुद्धा कोरडे राहत नाही.

सासरचा वाडा गोरखीपासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर. मधल्या चौकात कढीपत्त्याचे झाड होते, आजही आहे. इकडे त्याला मीठा नीम म्हणतात. सासऱ्यांच्या आजीने साताऱ्याहून त्याचे रोप ओल्या तरटात गुंडाळून आगगाडीतून आणले, अशी घरात कथा आहे. पहिल्या वर्षी मार्गशीर्ष उलटला तशी त्या झाडाची पाने पिवळी पडू लागली आणि भराभर गळाली. मी घाबरले, वाटले, नव्या सुनेच्या पायगुणाने झाड मेले. सासूबाई हसल्या. "अगं, त्याला थंडी वाजतेय," म्हणाल्या. हे झाड मूळचे उष्ण प्रदेशातले. ग्वाल्हेरच्या पौष-माघात त्याची वाढ थांबते, आणि एखाद्या कडाक्याच्या रात्री कोवळे शेंडे करपून काळे होतात. फाल्गुनात पुन्हा पालवी फुटेपर्यंत फोडणीला पान मिळायचे नाही.

मग त्यांनी फडताळातून एक पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडले आणि माझ्या नाकापुढे धरला. आत हिरवी, खडखडीत, अखंड पाने होती. वास ताज्या पानाइतका तीव्र नव्हता हे मी प्रामाणिकपणे सांगते. कढीपत्ता वाळला की त्याचा बराच सुगंध जातो, आणि कितीही काळजी घेतली तरी तो सगळा राहत नाही. पण जो उरला होता तो अस्सल होता. त्या संक्रांतीला खिचडीवरच्या फोडणीत ती पाने चुरून पडली, आणि पोटात माहेरची आठवण अशी उसळली की मला पदर डोळ्यांना लावावा लागला. सासूबाईंनी पाहून न पाहिल्यासारखे केले.

या झाडाच्या शास्त्रीय नावात दोन परदेशी गृहस्थ दडलेले आहेत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. मुराया क्योनिगी हे ते नाव. मुराया हे गटिंगेनच्या विद्यापीठातल्या मरे नावाच्या प्राध्यापकांवरून, आणि क्योनिगी हे योहान गेरहार्ड क्योनिग यांच्यावरून. हे अठराव्या शतकात तामिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला, डेन्मार्कच्या वसाहतीत, वैद्य म्हणून आले आणि वनस्पती गोळा करीत हिंडले. दोघेही लिनियसचे शिष्य. आपल्या फोडणीत आपण रोज एका जर्मन प्राध्यापकाला तडतडवतो, असे मी एकदा नातवाला सांगितले तेव्हा तो दोन दिवस हसत होता.

आता त्या खोलीविषयी. चौकाच्या उत्तरेला, कोठीच्या मागे एक अरुंद खोली होती. भिंती हात-दीड हात जाडीच्या, खिडकी एकही नाही. फक्त छताजवळ समोरासमोरच्या भिंतींत दोन झरोके, ज्यांना इकडे रोशनदान म्हणतात. पश्चिमेच्या झरोक्यातून लू आत शिरे आणि पूर्वेच्या झरोक्यातून बाहेर पडे. उन्हाचा कवडसासुद्धा जमिनीपर्यंत पोहोचत नसे. बाहेर अंगाची लाही होत असताना आत जरा कोमट एवढेच वाटे, पण वारा सतत हलता आणि हाडासारखा कोरडा. खोलीत आडव्या चार वलण्या बांधलेल्या होत्या, आणि खाली खाटेच्या चौकटीवर मऊ धोतराचे कापड ताणून बसवलेले होते. घरात तिला "अंधारी" म्हणत. मुलांना धाक घालायला तिचा उपयोग होई. पाल्यासाठीच ती बांधली होती असे मी म्हणणार नाही. बहुधा धान्यासाठी बांधली असावी. पण पाल्यासाठी याहून चांगली खोली कोणी ठरवून बांधली असती तरी झाली नसती.

सासूबाईंची पद्धत ठरलेली होती. पुदिना न्हाणीच्या पाण्यावर, भिंतीच्या कडेने लावलेला. तो फाल्गुनात भराला येई आणि चैत्राच्या शेवटी, तुरे दिसू लागायच्या आत, कापायचा. एकदा फुलावर गेला की पानाचा जोर ओसरतो. आदल्या संध्याकाळी झारीने सगळा वाफा धुऊन घ्यायचा, म्हणजे धूळ निघून जाई आणि कापल्यावर धुवायला लागत नसे. सकाळी पानावरचे पाणी उडाले की कापायला बसायचे, आणि गोरखीच्या शाळेची घंटा व्हायच्या आत काम आटपायचे. (अटलबिहारी वाजपेयी ज्या शाळेत शिकले तीच ही शाळा, आमच्या घरी मात्र तिचा लौकिक घड्याळ म्हणूनच अधिक.) जमिनीपासून चार बोटे ठेवून कापायचे, म्हणजे बुडखा पुन्हा फुटतो. मग दहा-बारा काड्यांची सैल जुडी बांधून वलणीवर उलटी टांगायची. जुडी जाड झाली की मधली पाने घुसमटून काळी पडतात. दोन दिवसांनी पान चुरचुरू लागे, तिसऱ्या दिवशी काडी कट्‌दिशी मोडे. काडी नुसती वाकली तर अजून वेळ आहे असे समजायचे.

१९७६ च्या चैत्रात सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला इंदूरला गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "पुदिना तेवढा अंधारीत टांग." मी दोन वर्षांची जुनी सून झाले होते आणि मला अक्कल फुटली होती. वर गच्चीवर एवढे ऊन रिकामे पडले असताना तीन दिवस त्या कोंदट खोलीत कशाला? सकाळी पापडाच्या कापडावर पुदिना पसरला आणि संध्याकाळी कुरकुरीत गोळा केला. एका दिवसात काम फत्ते. रंग थोडा तपकिरी झाला होता, पण मी तिकडे लक्ष दिले नाही. चुरून बरणी भरली, वर चिठ्ठी लावली, आणि सासूबाई आल्यावर दाखवायला ती पुढेच मांडून ठेवली. त्यांनी बरणी उघडून वास घेतला आणि पुन्हा झाकण लावले. काही बोलल्या नाहीत. मी समजले, पसंत पडला.

भाद्रपदात सासऱ्यांना मलेरियाने धरले. पंधरा दिवस ताप चढत-उतरत होता, तोंडाची चव पार गेली होती. भात नको, पेज नको. एक दिवस स्वतःहून म्हणाले, पुदिन्याचे ताक दे, आई करायची तसे. ते इतके दिवसांत पहिल्यांदाच काही मागत होते. पावसाळ्यात वाफ्यातला पुदिना चिखलाने बरबटून कुजला होता. मी आनंदाने माझी बरणी काढली, ताक घुसळले, जिरे-मीठ घातले, चांगला चमचाभर पुदिना घातला आणि वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "सूनबाई, गवत लागतं गं," एवढेच म्हणाले, तेही अगदी मऊ आवाजात, आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

सासूबाईंनी कोठीतून मागल्या वर्षीचा डबा आणला. त्याच्या तळाशी दोन चिमटी पुदिना उरला होता. तेवढ्याचे ताक झाले. ते त्यांनी सगळे घेतले. पुढे ते बरे झाले ते डॉक्टरांच्या गोळ्यांनी, पुदिन्याने नव्हे. हे उगाच कोणी घरगुती औषध म्हणून लिहून घेऊ नये. पण ती खाली ठेवलेली वाटी मी विसरले नाही. सासूबाई त्या दिवशीही मला एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

माझे चुकले काय, ते समजायला मला आणखी काही वर्षे आणि एक प्रवास लागला. लखनौला जाताना बाराबंकीकडे शेतांतून पुदिन्यासारखे पीक दिसले. चौकशी केली तेव्हा कळले की तो मेंथा, जपानी पुदिना. तो खायला नसून त्याचे तेल काढतात, आणि त्यातून पानात व बामात पडणारा मेंथॉल निघतो. तेल काढायची रीत अशी: कापलेला पाला बंद भांड्यात भरायचा आणि त्यातून वाफ सोडायची. पानाच्या पाठपोटावर डोळ्यांना न दिसणारे बारीक फोड असतात, सुगंधी तेल त्यांतच साठलेले असते. उष्णता लागली की ते उडून वाफेबरोबर निघून जाते. ते लोक ती वाफ थंड करून तेल धरून ठेवतात. मी गच्चीवर नेमके तेच काम केले होते, फक्त तेल ग्वाल्हेरच्या आकाशाला दान दिले होते. पानातले पाणी न्यायला वारा पुरतो. त्याला आच लागत नाही. ऊन पाण्याबरोबर वासही नेते आणि वर हिरवा रंग उडवते.

म्हणून म्हणते, लूचे उपकार. मे महिन्याच्या दुपारी इथल्या हवेतली आर्द्रता पुष्कळदा २० टक्क्यांच्याही खाली उतरते. असा कोरडा वारा सावलीत फुकट मिळाला तर पान जिथल्या तिथे, हिरवेच्या हिरवे, वाळते. निवडलेली एक किलो पाने वाळून दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम भरतात. बाकीचे सगळे पाणी लू घेऊन जाते आणि वास आपल्यापाशी सोडून जाते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली ती उठलीच नाही, तिचेच हे लष्कर शहर झाले. छावणीतली माणसे कोरडा शिधा बांधून हिंडणारी. त्यांच्या बायकांनी या वाऱ्याचा उपयोग पहिल्याच उन्हाळ्यात ओळखला असेल असा माझा आपला तर्क आहे. पुरावा मागू नये.

प्रत्येक पाल्याची तऱ्हा मात्र निराळी. कढीपत्ता दसऱ्यानंतर उतरवायचा. गोरखीच्या देवघरात शिंदे घराण्याची दसऱ्याची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी आमच्या चौकात शिडी लागे. पावसाने पाने धुतलेली असतात, झाड भरात असते आणि हवा नुकती कोरडी झालेली असते. टिकल्या काढायच्या नाहीत, डहाळ्याच टांगायच्या. गवती चहा कार्तिकात, थंडीने पाती करपायच्या आत, जमिनीपासून वीतभर ठेवून कापायचा आणि वेणी घालून टांगायचा. कात्रीने बारीक करायचा तो वाळल्यावर, आधी नाही. तुळस मंजिऱ्यांसकट, पण द्वादशी टाळून. मेथीचा घोळ वेगळाच. ती पौषात कोवळी मिळते, पण तेव्हा इथे धुके असे बसते की तीन तीन दिवस सूर्य दिसत नाही आणि कापडावरची पाने सर्द होऊन बुरसतात. माघाच्या उतरणीला वारा सुटला की मेथी घ्यावी. बाजारात कसुरी मेथी मिळते, ती आता बहुतेक राजस्थानातल्या नागौरकडची. नाव मात्र लाहोरजवळच्या कसूर गावाचे. फाळणीनंतर गाव सीमेपलीकडे राहिले, नाव आमच्या डब्यावर राहिले.

कोथिंबिरीच्या वाटेला जाऊ नये. वाळलेली कोथिंबीर म्हणजे निव्वळ हिरवा कागद. तिला वाफ्यातच जून होऊ द्यावी, फुलू द्यावी, आणि दाणे निम्मे तपकिरी झाले की उपटून टांगावी. घरचे धने मिळतात. गुण्याकडच्या कुंभराजच्या मंडीत धन्यांची पोती येतात, आमच्या वाफ्यातून वाटीभर निघतात. पण त्या वाटीभर धन्यांचा वास भाजताना गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. ओव्याच्या जाड पानांचीही तीच गत: ती वाळत नाहीत, सडतात. त्यांची भजी करावी.

आणि पाला वाळला म्हणून लगेच डबा बंद करू नये. सासूबाई तो आधी काचेच्या बरणीत भरून एक रात्र ठेवीत आणि सकाळी बरणी उजेडाला धरून पाहत. काचेला आतून धुरकट ओल दिसली तर पुन्हा वलणीवर. नाही दिसली तर डब्यात, आणि डबा चुलीपासून लांब. पाने अखंडच ठेवायची. चुरायची ती ऐन वेळी, तळहातावर, फोडणीच्या वर हात धरून.

सासूबाई १९९८ साली गेल्या. सासरे त्याआधीच गेले होते. २००३ साली वाड्याची वाटणी झाली. वाटणी कागदावर सरळ दिसते. भिंतीला आणि झाडाला ती समजत नाही. चौकाच्या मधून विटांची भिंत उभी राहिली, तेव्हा कढीपत्ता आमच्या बाजूला आला आणि अंधारी थोरल्या जाऊबाईंच्या बाजूला गेली. झाड इकडे, सावली तिकडे. दोन भावांत मोजणीवरून बोलाचाली झाली होती, त्यामुळे आम्हा जावांचेही बोलणे बंद. म्हणजे आमचे भांडण काही नव्हते. पण नवरे बोलत नाहीत तेव्हा बायकांनी बोलणे त्या घरात शोभत नव्हते, किंवा आम्हीच तसे ठरवून घेतले होते.

तीन वर्षे मी जागा शोधत फिरले. जिन्याखाली वारा नाही. गच्चीवर पत्रा घातला तर तो तव्यासारखा तापे. एकदा वैशाखात आंधी आली आणि पुदिन्यासकट कापड उडवून शेजाऱ्यांच्या टाकीवर नेले. उरलेला माकडांनी निवडला. मग मुलाने सुचवले, मागच्या खोलीत कूलर आहे, वारा भरपूर आहे, तिथे टांग. तिसऱ्या दिवशी पाहते तर पाने काळी पडून चिकट झालेली. कूलरचा वारा म्हणजे ओल्या गवतातून गाळलेला वारा. तो माणसाला सुखवतो आणि पाल्याला कुजवतो. मी भर ग्वाल्हेरात, भर मे महिन्यात, कोकणची हवा विकत आणून पुदिना सडवला होता! शेवटी मी बाजारातून बंद पाकिटे आणू लागले. त्यांतला पुदिना हुंगला की मला ती खाली ठेवलेली वाटी आठवे.

२००६ च्या दिवाळीआधी, वसुबारसेच्या सुमारास, मागच्या दाराची कडी वाजली. जाऊबाई उभ्या. हातात रिकामी परडी. "चिवडा करायला घेतलाय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "बाजारचा पाला घातला की चिवडा दुसऱ्या घरचा लागतो." मी शिडी लावली. डहाळ्या तोडता तोडता मी म्हटले, "ताई, अंधारीत सध्या काय असतं?" त्या म्हणाल्या, "ट्रंका. आणि उंदीर." थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग त्याच म्हणाल्या, "वलण्या तशाच आहेत. मी काढू दिल्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी ट्रंका माळ्यावर गेल्या. तेव्हापासून आजवर झाड माझे आणि सावली त्यांची, आणि वाळलेला माल निम्मा निम्मा. पुरुषांनी पुढे दोन वर्षांनी बोलायला सुरुवात केली. आम्ही त्यांची वाट पाहिली नाही. जाऊबाईंची मुलगी काही वर्षे दुबईत होती. तिच्या शेजारच्या इराणी बाई वाळला पुदिना तेलात क्षणभर परतून आषवर, म्हणजे त्यांच्या पालेभाजी-डाळीच्या दाट सारावर, ओतीत. आम्ही तो प्रयोग कढीवर केला. तूप गॅसवरून उतरवून मगच पुदिना टाकायचा, नाहीतर तो पापणी लवायच्या आत जळतो. पहिल्या वेळी जळला. दुसऱ्या वेळची कढी जाऊबाईंनी दोनदा वाढून घेतली, आणि मला वाटते, अंधारीतल्या पुदिन्याला कोकणी, ग्वाल्हेरी आणि इराणी असे तिसरे माहेर मिळाले.

आता मात्र वाडा पडायचा आहे. दोन्ही बाजूंच्या मुलांनी मिळून ठरवले आहे, चार मजली इमारत होईल, आम्हा दोघींना एकाच मजल्यावर समोरासमोर जागा मिळेल. मुलांचे चुकत नाही. गेल्या पावसाळ्यात कोठीचे छत गळून अर्धी तुळई खाली आली. करारावर सह्या दिवाळीनंतर. तेव्हा अंधारीतला पुदिना हा यंदाचाच शेवटचा, आणि दसऱ्यानंतरचा कढीपत्ताही. झाड नव्या नकाशात गाड्यांच्या जागेवर येते. त्याच्या मुळाशी फुटलेली सात रोपे मी कुंड्यांत काढली आहेत. दोन आमच्या गच्चीसाठी, एक दौलतगंजात भाचीकडे, एक इंदूरला नणंदेकडे. उरलेली तीन ज्यांना हवी त्यांनी न्यावी, मात्र पहिले दोन हिवाळे रात्री ती घरात घ्यावी लागतील.

सावली मात्र कुंडीत लावता येत नाही. नातवाने हवेतली ओल मोजायचे एक लहानसे यंत्र आणले आहे. परवा दुपारी तीन वाजता अंधारीत ते १७ दाखवत होते. मग तो आणि मी पलीकडच्या गल्लीतल्या एका नव्या इमारतीत गेलो, नात्यातल्या एका घरी. तिथल्या जिन्याच्या वळणावर, उत्तरेच्या जाळीपाशी, त्याने २८ दाखवले. ऊन येत नाही, वारा थोडा आहे, येणारे-जाणारे लोक चपला काढून तिथेच ठेवतात. यजमानांची परवानगी घेऊन मी जाळीला एक जुडी टांगून आले आहे.

काल चौथा दिवस होता. जाऊबाईंना गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, म्हणून एक काडी मोडून त्यांच्यासाठी खाली घेऊन आले. मोडली म्हणजे वाकली; तुटली नाही. त्यांनी पान बोटांत चुरले, नाकाशी नेले, डोळे मिटून बराच वेळ धरले.

"वास आहे," त्या म्हणाल्या. "पण अजून दोन दिवस राहू दे. आणि त्या चपला तेवढ्या हलवायला सांग."